ओढा उडी मारतो: जुने वनजाणते आणि आजचे सर्व्हायव्हल तज्ज्ञ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नेसमुक, केफार्ट, कोचान्स्की ही जुनी मंडळी खरी जाणकार आणि आजचे टीव्ही-यूट्यूबवाले नुसता देखावा करतात, असं ट्रेकच्या ग्रुपमध्ये ऐकलंत. ते खरं का, आणि सह्याद्रीत फिरणाऱ्यानं बुशक्राफ्ट, म्हणजे रानात राहायची विद्या, शिकायचं तर कोणाकडून? शेवटी चाकू कोणता घ्यावा, हेही विचारलंत. चाकूचं शेवटीच सांगतो.

आधी माझी फजिती ऐका. २००१ चा जुलै. ताम्हिणीच्या वरच्या अंगाला, कुंडलिकेच्या खोऱ्याच्या काठावरचं पठार. आम्ही चौघं. दुपारी दोनच्या सुमारास ढग उतरले आणि दहा पावलांपलीकडचं दिसेना. वाट सुटली. माझ्या डोक्यात पुस्तकी इंग्रजीतला एक सल्ला घट्ट बसलेला: हरवलात तर ओढा धरा, ओढा नदीला नेतो, नदी वस्तीला. धरला ओढा. अर्ध्या तासानं पाण्याचा आवाज बदलला. खळखळ होती तिची घरघर झाली, आणि पुढच्या मित्रानं एकदम हात आडवा केला. त्याच्यापुढं चार हातांवर ओढा संपला होता. खाली कडा, ढगात बुडालेला. मागं फिरलो, एका मोठ्या दगडाच्या आडोशाला चौघांनी मिळून एकच प्लास्टिक अंगावर घेतलं आणि रात्र कुडकुडत काढली. सकाळी गुरांमागं आलेल्या एका आजोबांनी वाटेला लावलं. सगळी हकिगत ऐकून ते एवढंच म्हणाले, "वढ्याच्या मागं कोन जातंय? वढा उडी मारतो. तुमी पन मारनार व्हय?"

सल्ला लिहिणारा माणूस लबाड नव्हता. त्याचे डोंगर हळूहळू उतरत खोऱ्यात मिसळणारे होते. आपला सह्याद्री कोकणाच्या बाजूला सुरीनं कापल्यासारखा तुटतो. तेव्हापासून कोणत्याही तज्ज्ञाचं काही वाचलं की मी दोन गोष्टी आधी बघतो: हा कोणत्या जमिनीवर उभा राहून बोलतोय, आणि कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय. जुना की नवा, हे त्यानंतर.

जुन्यांपासून सुरू करू. नेसमुक हे टोपणनाव. खरा माणूस जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स (१८२१–१८९०), पेनसिल्व्हेनियातल्या वेल्सबरो गावचा, जोडे शिवणारा. लहानपणी ज्या आदिवासी तरुणाच्या मागं मागं तो रानात हिंडला, त्याचंच नाव त्यानं लेखनासाठी घेतलं. अंगानं किरकोळ, त्यात क्षयाची व्याधी. जड सामान उचलणं त्याला जमणारच नव्हतं, म्हणून त्यानं प्रत्येक वस्तूचं वजन कमी करायचा ध्यास घेतला. १८८३ मध्ये साठी उलटल्यावर तो ॲडिरोंडॅकच्या तळ्यांमधून एका नऊ फुटी होडीतून एकटा फिरला. रश्टन नावाच्या कारागिरानं बांधलेल्या त्या होडीचं वजन साडेदहा पौंड, म्हणजे पाच किलोलाही थोडं कमी. आज 'अल्ट्रालाइट' म्हणून जे खपवलं जातं, त्याचा हा खापरपणजोबा. पुढच्याच वर्षी, १८८४ मध्ये, त्याचं वनकलेवरचं छोटंसं पुस्तक आलं. त्याचा सूर असा की आपण रानात हाल सोसायला जात नाही, हाल घरी पुष्कळ असतात. रानात सुखानं राहता आलं पाहिजे.

होरेस केफार्ट (१८६२–१९३१) वेगळ्या घडणीचा. सेंट लुईसच्या मोठ्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल. दारू, कोसळलेलं मन, मोडलेला संसार, आणि मग १९०४ मध्ये ग्रेट स्मोकी पर्वतराजीत एका ओसाड केबिनमध्ये एकटं राहणं. १९०६ मध्ये त्याचं कॅम्पिंगवरचं पुस्तक आलं आणि दहा वर्षांत ते वाढून दोन खंडांचं झालं. वाचताना ग्रंथपाल जागोजागी दिसतो: कोणतं लाकूड कसं जळतं, कोणतं तडतडतं, कोणतं फक्त धूर करतं, याच्या याद्याच्या याद्या. शेजारच्या डोंगरी लोकांना विचारून, स्वतः करून बघून लिहिलेल्या. ते रान राष्ट्रीय उद्यान व्हावं म्हणूनही तो झटला. उद्यान १९३४ मध्ये झालं. त्याआधी तीन वर्षं तो मोटार अपघातात गेला.

या दोघांपुढचा प्रश्न होता: महिनाभर रानात राहायचंय, तर कसं राहायचं? सुटका वगैरे शब्द त्यांच्या डोक्यात फारसा नाहीच. ते हरवलेले नव्हते, ठरवून गेलेले होते. म्हणून त्यांच्याकडं भाकरी कशी भाजायची, ओल्या दिवसांत सरपण कुठं ठेवायचं, झोपायची जागा कशी निवडायची, यावर पानंच्या पानं आहेत.

प्रश्न बदलला तो दुसऱ्या महायुद्धात. विमानं पडू लागली आणि रानाशी काडीचा संबंध नसलेली विशीतली पोरं न्यू गिनीच्या, बर्माच्या जंगलात उतरू लागली. त्यांना तिथं राहायचं नव्हतं. जिवंत राहून परत यायचं होतं. ऑस्ट्रेलियाच्या रिचर्ड ग्रेव्ह्जनं अशा वैमानिकांना सोडवून आणणाऱ्या तुकडीचं काम केलं आणि त्यातून त्याच्या बुशक्राफ्टच्या पुस्तिका निघाल्या. आपल्याकडं जिम कॉर्बेट सत्तरीला टेकला होता, तरी १९४४ मध्ये मध्य प्रांतात, छिंदवाड्याला, सैनिकांना जंगल शिकवत होता. नागपूरपासून ते फार लांब नाही, पण वाघाच्या गोष्टींपुढं ही हकिगत आपल्याकडं कोणी सांगत नाही. कुमाऊंत पक्ष्यांच्या आणि वानरांच्या हाका ऐकून वाघ कुठं आहे हे ओळखणारा माणूस तीच विद्या काही दिवसांत शहरी पोरांच्या गळी उतरवायला बसला होता. आजच्या दोन दिवसांच्या शिबिरांची अडचण हीच: आयुष्यभराचं शनिवार-रविवारात बसवायचं.

आजचं 'सर्व्हायव्हल' या लष्करी मुळातून वाढलंय. १९८६ मध्ये लॉफ्टी वाइजमन या, एसएएस या ब्रिटिश लष्कराच्या खास तुकडीतल्या प्रशिक्षकाचं पुस्तक आलं आणि ते जगभर पसरलं. माझ्या पिढीतल्या निम्म्या ट्रेकर्सकडं त्याची फुटपाथवरची प्रत असायची. हवेविना तीन मिनिटं, आडोशाविना तीन तास, पाण्याविना तीन दिवस, अन्नाविना तीन आठवडे, हा 'तीनचा नियम' याच घराण्यातला. ठोकताळाच आहे तो, पण क्रम बरोबर लावतो. आणि त्या क्रमात अन्न शेवटी आहे, हे लक्षात ठेवा. पुढं लागेल.

नव्या विद्येचं सगळ्यात मोठं काम माझ्या मते एका जुन्या वळणाच्या माणसानं केलं. ॲब टेलर. अमेरिकेच्या सीमा गस्तीतला मागकाढ्या. वाळूवरच्या पावलांवरून माणसामागं मैलोन् मैल जाणारा. १९८१ मध्ये सॅन डिएगोजवळच्या पालोमार डोंगरावर ९ वर्षांचा एक मुलगा हरवला. शेकडो लोक शोधत होते. चौथ्या दिवशी तो सापडला तेव्हा थंडीनं गेलेला होता. टेलर त्या शोधात होता. त्यानंतर त्यानं आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी एक साधा पाठ तयार केला: हरवलास की एक झाड धर आणि तिथंच थांब. 'हग अ ट्री' या नावानं तो शाळाशाळांत गेला. माग काढण्यात मुरलेल्या माणसाला ठाऊक होतं की चालत राहिलेला माणूस शोधणं किती अवघड आणि थांबलेला शोधणं किती सोपं. अशा माणसाला जुन्यात घालायचं की नव्यात? म्हणूनच मला हे दोन कप्पे फारसे पटत नाहीत.

आता जुन्यांची भक्ती करणाऱ्यांसाठी थोडं कडू. कॉर्बेटच्या काळात हिंदुस्थानातले साहेब लोक खिशात ब्रंटन लॅन्सेट बाळगायचे. लाकडी नळी, एका टोकाला पातं, दुसऱ्या टोकाला पोटॅशियम परमँगनेटचे खडे. साप चावला की जखम चिरायची आणि खडे चोळायचे. लॉडर ब्रंटनसारख्या नामांकित डॉक्टरचं नाव त्यावर होतं. आज माहीत आहे की त्यानं विष उतरत नाही. चिरलेली जखम मात्र चिघळते आणि घोणस किंवा फुरसं चावलेल्याचं रक्त आधीच गोठत नसतं, तिथं चिरा देणं म्हणजे रक्तस्रावाला वाट करून देणं. चावलेला अवयव हलू द्यायचा नाही, आवळून बांधायचं नाही, चोखायचं नाही, माणसाला उचलून प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यायचं. एवढंच. हिमदंशाला बर्फानं चोळा, हाही असाच एक जुना सल्ला. त्यानं गोठलेली कातडी आणखी फाटते. देवदाराच्या जातीच्या कोवळ्या फांद्या तोडून बिछाना करायचा हा नेसमुक-केफार्टच्या काळचा सर्रास रिवाज. रान अफाट आणि माणसं थोडी होती तोवर चाललं. आज एखाद्या गडाच्या माचीवर दर शनिवारी तीनशे लोक चढतात. प्रत्येकानं एक फांदी तोडली तरी पावसाळा संपेपर्यंत माची बोडकी होईल.

आणि सरळ कायद्याचं बोलायचं तर राखीव वनात विस्तव पेटवणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली. धनुष्य-दांड्यानं आग काढायला शिकायचंय? घराच्या अंगणात शिका.

टीव्हीकडं येतो. लेस स्ट्राउड हा कॅनडाचा माणूस २००४ पासून सात-सात दिवस एकटा रानात राहून स्वतःच स्वतःचं चित्रण करायचा. कॅमेरे, ट्रायपॉड, बॅटऱ्या धरून वीस किलोंच्या वर ओझं पाठीवर. पडद्यावर तो तुमच्यापासून दूर चालत जातो ना, ते चालून झाल्यावर तो कॅमेरा घ्यायला परत येतो. वाट दुप्पट, भूक दुप्पट. त्याच्या भागांत कंटाळा दिसतो, आग न पेटलेली रात्र दिसते, चिडचीड दिसते. बेअर ग्रिल्सच्या २००६ पासून सुरू झालेल्या टीव्ही कार्यक्रमाचं प्रकरण वेगळं. गडी तगडा आहे, १९९८ मध्ये एव्हरेस्ट चढलेला. पण मुक्काम हॉटेलात होतात ही बातमी २००७ मध्ये फुटली आणि कार्यक्रमावर खुलाशाच्या पाट्या लागल्या. माझी तक्रार हॉटेलाची नाही. कड्यावरून उडी मारणं, धबधब्यातून उतरणं, अळ्या खाणं, या तिन्ही गोष्टी तीनच्या नियमाच्या उलट्या टोकाच्या. पडलेल्या वैमानिकानं पाय मुरगळू नये म्हणून जे जे टाळायचं, ते ते इथं मुख्य आकर्षण. जुन्यांनी सांगितलं रानात कसं राहावं, लष्करानं सांगितलं रानातून परत कसं यावं, आणि कॅमेऱ्याला पडलेला प्रश्न हा की तुम्ही पडद्यासमोर कसे टिकाल. बसून राहणं दाखवता येत नाही. आणि हरवलेल्या माणसाला वाचवणारं सगळ्यात मोठं काम तेच.

तरी कॅमेऱ्याला सरसकट शिव्या देणार नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या उत्तर क्वीन्सलंडच्या जॉन प्लँटनं एक यूट्यूब चॅनल काढलं. तो एक शब्दही बोलत नाही. चिखल, दगड, वेत, आणि हळूहळू उभी राहणारी झोपडी, भट्टी, कौलं. खरी माहिती मजकुराच्या पट्ट्यांमध्ये असते. त्या चालू करून बघा. नेसमुकनं त्याला मांडीला मांडी लावून बसवून घेतलं असतं. आणि 'अलोन' या अमेरिकी मालिकेचा सातवा हंगाम, २०२० चा, कॅनडातल्या ग्रेट स्लेव्ह तलावाकाठचा, चुकवू नका. अट होती शंभर दिवस टिकायची. रोलंड वेल्कर टिकला. अलास्कात शिकार आणि फासे लावण्यावर आयुष्य काढलेला हा माणूस. त्यानं दगडांचं घर बांधलं, कस्तुरी बैल मारला, मांस साठवलं. तीन दिवस काढायचे असतील तर लष्करी शहाणपण पुरतं; शंभर दिवस म्हटलं की नेसमुक आणि केफार्टचा प्रश्न परत येतो, आणि उत्तरंही त्यांचीच लागतात. तिथं अन्न शेवटी नसतं. भल्या भल्या तरबेज माणसांना डॉक्टरांनी वजन घटलं म्हणून घरी पाठवलंय.

तुम्ही नाव घेतलेला तिसरा माणूस, मोर्स कोचान्स्की (१९४०–२०१९), माझा सगळ्यात लाडका. तो जुना कसा, हे मला कळत नाही. कॅनडातल्या अल्बर्टाचा, विद्यापीठात हेच शिकवणारा. त्याचं म्हणणं, जितकं जास्त कळेल तितकं कमी वाहावं लागेल. पण गळ्यात एक स्वस्त स्वीडिश चाकू कायम. त्याचा 'सुपर शेल्टर' बघा: काटक्यांची कमान, तिच्यावर पाठीमागून चकाकता ब्लँकेट, पुढून पारदर्शक प्लास्टिक, आत जमिनीपासून उचललेला फांद्यांचा माचा, समोर बाहेर लांबट आग. आगीची धग प्लास्टिकमधून आत येते, तापलेली हवा मात्र बाहेर जात नाही. बाहेर हाडं गोठवणारी थंडी असताना आत अंगातलं जाकीट काढावं लागतं. आदिवासींच्या झोपडीची चौकट, त्यावर हार्डवेअरच्या दुकानातलं प्लास्टिक. मी आग वगळून यातला फक्त उचललेला माचा आणि प्लास्टिक घेतलं. भर पावसात सह्याद्रीत तापमान १८-२० अंश असलं तरी भिजलेला, वाऱ्यात बसलेला माणूस गारठून बडबडू लागतो, मी पाहिलंय. जमीन अंगातली ऊब ओढते, म्हणून आधी बुडाखाली काहीतरी, मग डोक्यावर. २००१ च्या त्या रात्री आम्ही नेमकं उलटं केलं होतं.

एका बाबतीत मात्र नवे सरळ सरळ पुढं आहेत. जुन्या इंग्रजी पुस्तकांत 'एका इंडियनानं दाखवलं', 'आमचा काळा वाटाड्या म्हणाला', एवढ्यावर बोळवण असते. विद्या त्याची, नाव साहेबाचं. ऑस्ट्रेलियन लष्करातल्या लेस हिडिन्सनं ऐंशीच्या दशकात तिथल्या मूळ रहिवाशांकडून रानभाज्या, कंद, फळं शिकून त्यांच्यासोबत टीव्हीवर दाखवली. रे मेअर्स हा इंग्रज, १९८३ पासून शाळा चालवणारा, कॅमेरा स्वतःवरून काढून शिकवणाऱ्या आजीबाईवर नेतो आणि स्वतः गप्प बसतो. मराठीत हे काम मारुती चितमपल्लींनी केलं. वनखात्याच्या नोकरीत नवेगाव, नागझिरा, मेळघाटात असताना त्यांनी रानातल्या माणसांना विचारून शब्द गोळा केले, जिथं नव्हते तिथं 'सारंगागार' (बगळ्यांची वसाहत), 'काकागार' (कावळ्यांची वसाहत) असे घडवले. २०२५ मध्ये ते गेले. बुशक्राफ्टच्या यादीत त्यांचं नाव कोणी घालत नाही. मी घालतो, कारण ज्या गोष्टीला नाव नाही ती रानात दिसत नाही.

आता तुम्ही काय करावं. केफार्ट वाचा, पण लाकडांची यादी सोडून द्या. तिथल्या बर्चची साल ओली असतानाही पेटते, सह्याद्रीत ते झाडच नाही. त्याच्या जागी आपल्या पायाखालची यादी करा: सुक्या बांबूचा आतला कीस, सुकलेली करवी, आणि पिशवीत सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे, ते मुसळधार पावसातही जळतात. अर्थात जिथं जाळायला परवानगी असेल तिथं. २०२४ मध्ये आंध्रातल्या पापिकोंडा उद्यानात ऐनाच्या झाडाला चीर देताच पाण्याची धार लागल्याचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. ती कोंडा रेड्डी लोकांची माहिती आहे, आणि कोणत्या ऐनात पाणी असतं हे त्यांनाच ओळखता येतं. लगेच दिसेल त्या ऐनाला कोयता लावत सुटू नका. तुमच्यासाठी गडावरची टाकी कुठं आहेत आणि एप्रिलमध्ये त्यातली कोणती कोरडी असतात, हे गावात विचारून घेणं जास्त कामाचं.

पावसाळ्यात ढगात अडकलात तर टेलरचं ऐका, थांबा. आमच्या आजोबांचंही ऐका, ओढ्याच्या मागं जाऊ नका. निघण्यापूर्वी घरी वाट आणि परतायची वेळ लिहून द्या. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी बचावपथकं रात्री-अपरात्री धावून येतात, पण कोणत्या डोंगरावर यायचं हे त्यांना कोणीतरी सांगावं लागतं. आणि महिन्यातून एकदा एखाद्या कातकरी किंवा ठाकर माणसाबरोबर दिवसभर हिंडा. त्याची दिवसाची मजुरी विचारा आणि न घासता द्या. प्रश्न कमी विचारा. तो कुठं थांबतो ते बघा.

चाकू. जाड पात्याचे, दातेरी पाठीचे, मुठीत होकायंत्र असलेले ऑनलाइन मिळतात ते घेऊ नका. नेसमुकचा चाकू पातळ होता, केफार्टचा साधा, कोचान्स्कीचा स्वस्त. निदान यावर तिघांचं एकमत दिसतं. चार इंचांचं, पोलादाचं, पातं मुठीच्या आतपर्यंत गेलेलं काहीही चालेल. लाकूडकामाला आठवडी बाजारातल्या लोहाराकडून कोयता घ्या, भारी पडला तर कोयती, आणि कोकणात कंबरेला मागं लावतात ती लाकडी आकडी करून घ्या. हात मोकळे राहतात. धार मात्र त्याच्याकडून लावून घेऊ नका. तिथंच उभं राहून, तो दाखवेल तशी, स्वतः लावा.